पेन्सिलीतली अष्टमी

दोनशे माणसांसाठी अंथरलेल्या सतरंज्यांवर एकच माणूस येऊन बसला, आणि तोही गुडघ्यापर्यंत ओला.

सुगंधा वाकचौरेने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेदहा. सभा दहाची होती. नवापूरच्या शाळेपुढे मांडव होता, मांडवात टेबल होते, टेबलावर नव्या पोटनियमांच्या प्रती होत्या, आणि वाऱ्याने त्या उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक शंख ठेवलेला होता. पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण होते. जीप होती, जीपमध्ये तोंडावर टोपी घेऊन झोपलेला झुंबर ड्रायव्हर होता. सभेला जे जे लागते ते सारे तिने पालघरहून आणले होते. फक्त गाव आणायचे राहून गेले होते.

"सभेला आलात?" तिने विचारले.

"आलो नव्हतो," तो म्हणाला. "पण इतक्या सतरंज्या एकट्या पडलेल्या पाहवेनात."

"बाकीचे सभासद कुठे आहेत?"

त्याने हनुवटीने पश्चिमेकडे दाखवले. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र उन्हात वितळलेल्या शिशासारखा चकाकत होता, आणि त्याच्या अगदी कडेला शिडांचे पंधरा-वीस ठिपके होते. "तिकडे. हजेरी घ्यायची तर होडी लागेल."

"मग तुम्ही कसे इथे?"

"जाळ्याचा दोर तुटला. नवा न्यायला आलो. दोर तुटला नसता तर..." तो थांबला. त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक हसू फुटले. "तुमची सभा अगदी बिनविरोध पार पडली असती, बाई."

सुगंधा हसली नाही. हसू आले होते, पण तिने ते ओठांच्या आतच अडवले. हजेरीपत्रक त्याच्यापुढे सरकवून ती म्हणाली, "आलाच आहात तर सही करा."

त्याने हात सदऱ्याला पुसले. सदराही ओलाच होता. मग मांडवाच्या कनातीला पुसले आणि सावकाश सही केली. *एकनाथ महादू तांडेल, चिटणीस.* उजवीकडे झुकलेली, गोल, पोहत चाललेली अक्षरे. ते वळण पाहताच सुगंधाने हजेरीपत्रक जवळ ओढले. हे अक्षर तिने पाहिले होते. जानेवारीत एक पोस्टकार्ड आले होते — *५ तारखेस पौर्णिमा आहे. सभा होणार नाही. अष्टमीला घ्यावी. ए. म. तांडेल.* त्यावर तिने टाइप करून उत्तर धाडले होते: *आंतरराष्ट्रीय प्रकल्प तिथी-वार पाहून चालत नाहीत.* त्या वाक्याचा तिला इतका अभिमान वाटला होता, की कार्बनची एक प्रत तिने आपल्यापाशी ठेवून घेतली होती.

"ते पोस्टकार्ड तुमचं होतं?"

"हो. उत्तरही मिळालं. पाठ आहे मला. म्हणून दाखवू?"

"नको."

तो उठला. खांद्यावर नव्या दोराचे वेटोळे चढवले. दोन पावले जाऊन वळला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"बाई, पौर्णिमा मी देवासाठी नाही सांगितली. पाण्यासाठी सांगितली. आज उधाण हाय... आहे. उधाणाला पाणी जोरात ओढतं, तेव्हाच जाळ्यात मासळी शिरते. आजच्या दिवशी किनाऱ्यावर राहील तो कोळी नव्हे."

तो निघून गेला. सतरंजीवर दोन ओले ठसे उरले. कडांपासून हळूहळू सुकत ते लहान लहान होत गेले, आणि पुरते नाहीसे होईपर्यंत सुगंधा त्यांच्याकडे पाहत राहिली.

चंद्र तिने आजवर कवितांत पाहिला होता. तिथे त्याला काही काम नसे. इथे तो हजेरी घेत होता.

*

१९६६ सालचा तो फेब्रुवारी. पालघर स्टेशनाजवळच्या एका भाड्याच्या बंगलीत त्या परदेशी मदतीच्या प्रकल्पाचे कार्यालय होते. सात गावांतल्या मच्छीमार संस्थांचा कारभार नव्याने घडवायचा, हा त्याचा उद्देश. मतदान गुप्त असावे, पदांना मुदत असावी, वजन सर्वांदेखत व्हावे. आणि ज्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन पालघर-बोईसरच्या बाजारात मासळी विकत होत्या, त्यांनाही सभासद करून घ्यावे. ही शेवटची गोष्ट सुगंधाच्या मनात काट्यासारखी रुतून बसली होती. कागदावर ती अकरावे कलम होती. तिच्या मनात तेच पहिले होते.

पहिले गाव नवापूर. अट स्पष्ट होती: संस्थेच्या दोनशे चौदा सभासदांपैकी दोन-तृतीयांश सभेला हजर हवेत आणि परदेशातून येणाऱ्या पाहणी मंडळासमोर नवे पोटनियम मंजूर व्हायला हवेत. नाही झाले तर प्रकल्प दुसऱ्या राज्याच्या किनाऱ्यावर जाणार. आणि सुगंधा संगमनेरला परत. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एवढ्याच करारावर तिला इतक्या लांब येऊ दिले होते — जोवर हा प्रकल्प तोवर नोकरी, पुढे आम्ही सांगू तसे.

प्रकल्पाचे संचालक ब्रुनरसाहेब धोरण आखत. पण जीप कुठे जाईल, कंदिलांचे रॉकेल कुठून येईल, पाहुणे कुठे उतरतील, कोणत्या गावात कोणत्या दिवशी कोण बोलेल, हे सारे सुगंधा ठरवी. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर वर्षाचा एक भलाथोरला तक्ता होता. त्या तक्त्याचा एक कायदा कार्यालयातल्या शिपायालाही ठाऊक होता. पेन्सिलीत लिहिले ते विचाराधीन. शाईत लिहिले ते ठरले. शाईत खाडाखोड नाही.

आणि त्या तक्त्यात वर्षभराचे पहिले शनिवार तिने लाल शाईत, ठळक, मोठ्या आत्मविश्वासाने रंगवून ठेवले होते.

नवापूरहून परतल्यावर तिने एक पोस्टकार्ड लिहिले. टाइप केले नाही, हाताने लिहिले. *पाण्याबद्दल समजून घ्यायचे आहे. सवडीने कार्यालयात यावे. सु. खं. वाकचौरे.* मग बराच वेळ विचार करून खाली एक ओळ घातली — *तिथी आपणच ठरवावी.*

*

तो पुढच्या शनिवारी आला. पांढरा सदरा, विंचरलेले केस, हातात पंचांग आणि केळीच्या पानाने झाकलेली एक टोपली.

"आज कसे आलात?"

"आज अष्टमी. पाण्याला भांग लागलाय. म्हणजे ना धड भरती, ना धड ओहोटी. पाणी आळसावतं. मग आम्ही जाळी विणतो, भांडणं मिटवतो, सोयरिकी जुळवतो. कोळ्याच्या घरातलं सगळं महत्त्वाचं भांगातच होतं." त्याने टोपली टेबलावर ठेवली. "आयेनं पापलेटं पाठवलीत."

"परत न्या. संस्थेच्या पदाधिकाऱ्याकडून काहीही घ्यायचं नाही, असा प्रकल्पाचा नियम आहे."

"एका पापलेटानं सुधारणा बुडेल?"

"आज पापलेट, उद्या होडी."

"होडी देणारच नव्हतो," तो गंभीरपणे म्हणाला. "होडीत बसायला माणसाला थोडं ओलं व्हावं लागतं."

सुगंधाने मान खाली घातली आणि नसलेला कागद शोधू लागली. टोपली झुंबरकडे गेली. तोही नियम ऐकून हळहळला आणि सावलीत ठेवायला घेऊन गेला.

मग एकनाथने पेन्सिल उचलली. "सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमी?"

"आठाची पाऊणपट... सहा."

"सहा वाजता भरती. चतुर्थी?"

"तीन. आणि पौर्णिमा — पंधराची — सव्वाअकरा!" तिचा आवाज वर्गातल्या हुशार मुलीसारखा उंचावला आणि तिचा तिलाच तो ऐकून संकोच वाटला. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"आयेच्या बोटांवर आहे. तिला वाचता येत नाही."

तो तक्त्यावर वाकून प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात तिथी लिहू लागला. खिडकीतून दुपारचे तिरपे ऊन आत आले होते. त्याच्या मनगटावर दोराने काचलेला एक जुना वण होता. त्या वणावरून ऊन सरकत होते. सुगंधा शेजारी उभी राहून पंचांगातल्या तिथ्या वाचून दाखवत होती. ती वाचायची, तो लिहायचा, आणि अधूनमधून दोघेही एकाच वेळी थांबायचे... कारण नसताना.

"एक कलम सुचवू?" त्याने मान वर न करता विचारले. "चिटणिसाला दोनपेक्षा जास्त मुदती नकोत."

"तुमच्या किती झाल्या?"

"दोन."

"म्हणजे नियम झाला की तुम्हीच जाल!"

"कुणीतरी जायला हवं. नाहीतर सुधारणा कसली?"

त्याच्या बोलण्यात काहीतरी लपलेले होते, पण काय ते तिला उलगडेना. तिने कलम टिपून घेतले. तेवढ्यात त्याची पेन्सिल एका चौकोनावर थबकली.

"एकवीस तारखेला हे लाल अक्षरात काय आहे?"

"पाहणी मंडळ. नवापूरची सभा त्यांच्यासमोरच..." तिने पंचांग ओढून घेतले. विसाला अमावास्या. एकविसाला प्रतिपदा. भर उधाण.

तक्ता शाईत होता. शाईत खाडाखोड नव्हती.

*

"मिस वाकचौरे," ब्रुनरसाहेब म्हणाले. ते उंच, नीटनेटके गृहस्थ होते आणि रोज सकाळी आठाच्या ठोक्याला घड्याळाला किल्ली देत. "तीन देशांतून पाच माणसं येताहेत. त्यांची विमानं ठरली आहेत. त्यांनी चंद्रासाठी थांबावं म्हणता?"

"चंद्रासाठी नाही. सभासदांसाठी."

तिने दोन कागद त्यांच्यापुढे ठेवले. एक मुंबई बंदराचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टक. दुसरा एकनाथच्या पेन्सिलीतल्या वेळांचा. दोन्हींत कुठे पाव तासाचा, कुठे अर्ध्या तासाचा फरक होता. उधाणाचे आणि भांगाचे दिवस मात्र तंतोतंत तेच.

"पाच तारखेची चूक माझी होती," ती म्हणाली. "त्यांनी आधी कळवलं होतं. मी त्याला अंधश्रद्धा समजले. साहेब, आपण त्यांना सांगतो की संस्था तुमची आहे, मत तुमचं आहे. आणि सभा मात्र अशा दिवशी बोलावतो, ज्या दिवशी आल्यास त्यांची चूल पेटणार नाही. ज्या संस्थेच्या वेळेला आपण जात नाही, ती आपल्याच्यानं सुधारणार कशी?"

साहेबांनी दोन्ही कागद पुन्हा पाहिले. "कोणता दिवस?"

"अठ्ठावीस. फाल्गुन शुद्ध अष्टमी. तोवर मंडळाला दुसरीकडची पाहणी आधी उरकता येईल. तसा कार्यक्रम मी लावून दिला आहे. गाड्या, मुक्काम, सगळं."

"आणि अठ्ठाविसालाही कुणी आलं नाही तर?"

सुगंधाला संगमनेरचे घर आठवले. अंगणातली निवांत दुपार, आप्पांचा खोकला, 'पुढे आम्ही सांगू तसे'. तिने पदर खोचला.

"तर चूक दुसऱ्यांदा झाली असं होईल. दुसऱ्या चुकीनंतर मी या खुर्चीत बसणार नाही."

"तार तुमच्या सहीनं जाईल."

"माझ्याच सहीनं पाठवायची आहे."

तीन दिवसांनी उत्तर आले. दोनच शब्द होते: *अठ्ठावीस मान्य.* सुगंधाने एकवीस तारखेच्या लाल चौकोनावर कोऱ्या कागदाची चिठ्ठी डकवली. खाडाखोड नव्हे, ती मनाशी म्हणाली. भरती आल्यावर वाळूवरची अक्षरे जशी झाकली जातात, तसे.

*

पुढचे दिवस जीपच्या चाकांवर गेले. बोईसरपासून रस्ता अणुवीज केंद्राच्या बांधकामाकडे जाणाऱ्या मालमोटारींनी भरलेला असे. एके सकाळी तासभर वाट अडली तेव्हा सुगंधा उतरून थेट मुकादमापुढे उभी राहिली. तो पगडीवाला माणूस गोंधळला आणि हात जोडून म्हणाला, "बहनजी, रास्ता एक है और सीमेंट बहुत है. लेकिन आप जाइए, नहीं तो आप ही सीमेंट उतार देंगी." त्यानंतर रोज तो तिला हात दाखवून वाट करून देई.

नवापूरला ती बायकांपाशी बसे. बोंबील वाळत घालायच्या दांड्यांच्या रांगा, त्यांवर जबडे एकमेकांत अडकवून लोंबणारे रुपेरी बोंबील, आणि साऱ्या गावावर तरंगणारा तो उग्र, खारट वास. पहिल्या दिवशी तिने नाकाला पदर लावला, तेव्हा एकनाथची आई मैनाबाई खदखदून हसली होती.

"नाव काय म्हनालीस? सुगंधा? आनि बोंबलाच्या गावात नोकरी! देवाला बी मस्करी कलते, बाय."

"सवय होईल, मैनाबाई."

"व्हईल. मना बी लग्नानंतरच झाली." एवढे बोलून म्हातारीने तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि पुन्हा सुरी चालवू लागली. सुगंधा अकरावे कलम समजावत होती, ते मात्र मध्येच विसरली.

एकनाथ या दिवसांत दिसत नव्हता. उधाण होते. संध्याकाळी जीप परत निघे तेव्हा सुगंधा एकदा समुद्राकडे पाही. क्षितिजावरच्या त्या ठिपक्यांत एक ठिपका त्याचा असेल... कोणता, हे ठरवण्याची काही व्यवस्था तिच्या तक्त्यात नव्हती.

*

अठ्ठावीस तारीख. दुपारचे तीन.

समुद्र खरोखर आळसावला होता. होड्या वाळूवर कुशीला कलंडून पडल्या होत्या. मांडवात पुढे पाहणी मंडळाचे पाच पाहुणे घाम पुसत बसले होते, मागे पुरुष, आणि मांडवाच्या बाहेर, अजून सभासद नसलेल्या बायका. सुगंधाने हजेरी मोजली. पुन्हा मोजली. एकशे एकतीस. हवे होते एकशे त्रेचाळीस.

"अष्टमी आहे ना?" तिने एकनाथला बाजूला घेऊन विचारले. "मग बारा माणसं कमी कशी?"

त्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला दिसला. "चूक माझी. भांगाला माणसं घरी असतात, हे आजवर खरं होतं. यंदा भांगाचे आठ दिवस आमची काही पोरं बांधकामावर रोजानं जाऊ लागलीत. मला वाटलं, आज येतील. सुट्टी मिळाली नसावी." तो खाली पाहून म्हणाला, "मी पाण्याचा हिशेब केला. सिमेंटचा राहिला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पौर्णिमा तिची चुकली होती, अष्टमी त्याची. का कोण जाणे, त्या क्षणी सुगंधाच्या मनातली भीती निघून गेली. उरला तो फक्त पुढच्या तासाचा कार्यक्रम.

"सभा चालू ठेवा. मतदान साडेचारच्या आत नको. झुंबर, जीप काढ!"

"तोवर काय करू?" एकनाथने मागून विचारले.

"आईंना बोलायला लावा!"

बांधकामाच्या फाटकापाशी तोच पगडीवाला मुकादम होता. निघताना बायकांकडून लिहून घेतलेली सोळा नावे सुगंधाने धापा टाकत वाचून दाखवली. "किसी की शादी है क्या, बहनजी?" त्याने विचारले.

"नहीं. मतदान है."

मुकादमाने क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग फाटकातून आत जाऊन साहेबाची परवानगी घेऊन आला आणि आत वळून दणदणीत हाक दिली. सोळा माणसे आली, अंगावर सिमेंटची राखाडी भुकटी घेऊन. जीपमध्ये नऊ मावली, बाकीची मुकादमाने गावाकडून जाणाऱ्या एका रिकाम्या मालमोटारीवर चढवली. झुंबर म्हणाला, "बाई, जीपच्या कमान्या मोडतील."

"मोडू दे. उद्याच्या कार्यक्रमात दुरुस्ती लिहिली आहे."

"लिहिली हाय? कवा?"

"आत्ता."

ती परतली तेव्हा मांडवात हशा उसळला होता. संस्थेचे अध्यक्ष देवूबाबा, गावातले सर्वांत जुने नाखवा, हात वर करून उभे होते. "मी म्हनतो, बायका सभासद झाल्या तर होडी कोन वल्हवनार?"

मांडवाच्या कडेला मैनाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "देवूबाबा, होडी तुमीच वल्हवा. पन आनलेली मासळी आमी बाजारात नेली नाय, तर खाऊन खाऊन किती खाल? तुमची तर दाढ बी शिल्लक नाय!"

देवूबाबांनाही हसू आवरेना. पाहुण्यांना दुभाष्याने ते सांगितले, तेव्हा ते जरा उशिराने हसले. त्या दुसऱ्या हशातच सिमेंटने माखलेली सोळा माणसे आत शिरली आणि सह्या करू लागली. एकशे सत्तेचाळीस.

पडद्यामागे दोन टोपल्या होत्या, एक शिंपल्यांची आणि एक खड्यांची. होकाराला शिंपला, नकाराला खडा. मुठीत झाकून मडक्यात टाकायचा. एकेक माणूस आत जाई आणि मडक्यात टक् असा आवाज येई. कोणता आवाज कशाचा, ते कुणाला कळत नव्हते. सुगंधा डोळे मिटून ऐकत होती. मोजणी संपली तेव्हा सूर्य पाण्यावर टेकायला आला होता.

शिंपले एकशे नऊ. खडे अडतीस.

बायका मांडवात शिरल्या. कुणी बोलावले नव्हते. आता बोलवावे लागत नव्हते. ब्रुनरसाहेबांनी खिशातले घड्याळ काढले, पाहिले आणि पुन्हा आत ठेवले. त्या गर्दीत सुगंधाने एकनाथला शोधले. तो टेबलापाशी वाकून संस्थेचे शिक्के आणि किल्ल्या सभेने तिथेच नेमलेल्या हंगामी चिटणिसाच्या हवाली करत होता. मंजूर झालेल्या कलमांत त्याचेही कलम होते. किल्ल्या देऊन झाल्यावर त्याने वर पाहिले, इतका वेळ, इतके सरळ, की तिलाच नजर समुद्राकडे वळवावी लागली.

दोन दिवसांत पाणी पुन्हा ओढू लागले आणि ठिपके क्षितिजावर गेले.

*

मंडळाचा अभिप्राय आला. प्रकल्प पालघरलाच राहणार होता. उरलेल्या सहा गावांचे वेळापत्रक तिथीप्रमाणे करावे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. सुगंधाने आप्पांना पत्र लिहिले — काम वाढले आहे, परत येणे नाही. तो मजकूर तिने चारदा वाचला. 'नाही' हा शब्द तिला आपल्या अक्षरात इतका शोभून दिसेल असे वाटले नव्हते.

आणि मग पंधरा दिवस ती पंचांग पाहत राहिली. चतुर्दशी. पौर्णिमा. शिमगा झाला. तृतीया. पंचमी. चंद्र इतका सावकाश झिजतो, हे कोणत्याही कवीने तिला सांगितले नव्हते.

फाल्गुन वद्य अष्टमी सोमवारी होती. सकाळी अकराला तो दारात उभा होता. पांढरा सदरा. हातात केळीच्या पानाने झाकलेली टोपली.

"नियम ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. आवाज कोरडा ठेवण्याचा तिने पुष्कळ प्रयत्न केला.

"पदाधिकाऱ्याकडून काही घ्यायचं नाही," एकनाथने पाठ म्हणून दाखवले. "मी आता पदाधिकारी नाही."

सुगंधाला त्याचे शब्द आठवले. चिटणिसाला दोनपेक्षा जास्त मुदती नकोत. कुणीतरी जायला हवं.

"ते कलम..." ती सावकाश म्हणाली. "ते तुम्ही पापलेटासाठी घातलंत?"

"पापलेटासाठी कोण पद सोडतं?" तो म्हणाला. भर उधाणात होडी हाकणारा तो माणूस टेबलाची कड धरून उभा राहिला. "मी... मला बोलता येत नाही. पेन्सिल द्याल?"

तिने दिली. तो तक्त्यापाशी गेला. मार्च ओलांडला, एप्रिलच्या शेवटी थांबला. अठ्ठावीस तारखेच्या चौकोनात तिथी आधीच होती: वैशाख शुद्ध अष्टमी. तिच्याखाली त्याने काहीच लिहिले नाही. फक्त चौकोनाभोवती पेन्सिलीने एक रेघ फिरवली. रेघ सरळ न येता लाटेसारखी उमटली.

"त्या दिवशी कुठल्या गावात सभा आहे?"

"सभा नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी गावात सगळी माणसं घरी असतात. आयेनं बघितलंय."

बाहेर झुंबर जीप पुसत होता. फडक्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"आमच्या संगमनेरकडे," ती हळूच म्हणाली, "अक्षय्य तृतीया धरतात. तिला मुहूर्त पाहावा लागत नाही."

"तृतीयेला आमच्याकडे नवरा समुद्रात असतो."

ती हसली. ओठांच्या आत अडवून ठेवलेले पाच फेब्रुवारीपासूनचे सगळे हसू बाहेर आले.

"आप्पा लगेच हो म्हणणार नाहीत," ती म्हणाली. "जातीचं काढतील, गावाचं काढतील. मासळीचं तर काढतीलच. मला तिथं जाऊन, समोर बसून सांगावं लागेल. एकदा नाही, चारदा."

"म्हणून पेन्सिलीत लिहिलंय," तो म्हणाला. "विचाराधीन. खोडलंत तरी..."

"एकनाथ."

तिने पहिल्यांदा त्याचे नाव घेतले होते.

सुगंधाने टेबलावरची लाल शाईची दौत उघडली. टाक बुडवला, टोकावरचा जादा थेंब काठाला निथळू दिला. मग तक्त्यापाशी जाऊन त्या लाटेसारख्या रेघेवरून, तिचे एकही वळण न सुधारता, तिने शाई फिरवली. चौकोन पूर्ण झाल्यावर ती मागे सरकली आणि शाई वाळेपर्यंत तिथेच, त्याच्या शेजारी उभी राहिली.

"झुंबर!" मग तिने खिडकीतून हाक मारली. "उद्या सकाळी संगमनेरला निघायचं माझं ठरलंय. स्टेशनवर सोड. आणि ही टोपली तुझ्या घरी दे. आज मी तुमच्याकडे जेवायला येतेय." ती एकनाथकडे वळली. "आम्ही दोघं."